उणे सव्वीस

आल्टाच्या बाजारात आमचं दुकान.
जानेवारी, दुपारचे बारा,
उजाडावं की नाही
हे आभाळाचं अजून ठरत नव्हतं.

एल्ले-मारेत आली, बूट आपटत.
सदुसष्टीची. कौतोकेनोकडून दोन तास गाडी हाकत.
रेनडिअर किती, हे तिला विचारायचं नसतं,
ते कुणाच्या बँकेत किती शिल्लक हे विचारल्यासारखं.
मी एकदा विचारलं होतं, नवा होतो तेव्हा.

तिनं जुना फोन काउंटरवर पालथा ठेवला.
म्होरक्या मादीच्या गळ्यात पट्टा,
पट्ट्याचा ठिपका फोनमधल्या नकाशावर,
मंगळवारपर्यंत.
मंगळवारी एक चौकट उगवली :
आपल्या फोनवर ही सेवा यापुढे उपलब्ध नाही.

"मादी चालतेय. पट्टा चालतोय. फोनही चालतोय.
मग बंद पडलं ते काय?"

मला नीट सांगता आलं नाही.
पगार मला तेवढ्याचाच मिळतो.

मी तीन फोन मांडले.
हा स्वस्त, जाडजूड, बॅटरी तीन दिवस,
अपडेट मात्र दोनच वर्षं.
हा मधला, चार वर्षं, कॅमेरा बरा.
आणि हा, सात वर्षं. लेखी.

"सात," ती म्हणाली, आणि बोटांवर मोजू लागली.
कुत्रा नसेल.
स्कूटरचं इंजिन दोनदा बदललेलं असेल.
धाकटी नात बाप्तिस्म्याच्या झग्यातून
थेट कळपात पोचलेली असेल.
स्वतःचं बोट तिनं मोजलं नाही,
पण दुमडलं.

मग म्हणाली, "तिघांना बाहेर ठेव."
"कुठे?"
"बाकावर. बर्फात. आणि कॉफी आण."

आमच्या तोरुनबाईंच्या नियमावलीत हे नव्हतं.
मी तिन्ही फोन शंभर टक्के भरून
दुकानासमोरच्या बाकावर ठेवले, उणे सव्वीसात,
पडदे उजळलेले, एकाच तळ्याचं चित्र तिघांवर,
उन्हाळ्यातलं.

काचेतून आम्ही बघत बसलो.
तिनं कॉफीत चीजचा तुकडा टाकला, खिशातला, स्वतःचा,
आणि मला विचारलं नाही की चालेल का.
येणारे-जाणारे बाकाशी थबकत,
एकानं वाकून स्वतःचाच फोटो काढला.

पस्तीस मिनिटांनी सात वर्षंवाला गेला.
बेचाळीस टक्क्यांवर होता, आणि गेला,
निरोप न घेता.
मधला जरा धापा टाकून.
स्वस्त तेवढा तासानंतरही जागा, एकसष्ट टक्के,
शेजारच्या दोघांकडे न बघता.

मी स्वस्ताचं बिल करायला घेतलं.
"थांब," ती म्हणाली. "तो देऊ नकोस."
"पण टिकला तोच."
"थंडीत टिकला.
थंडीचं मी बघते.
चाळीस वर्षं कणीक, औषधं, नवजात पिल्लं,
सगळं या कोटाच्या आत ठेवून नेलंय,
एक फोन काय जड आहे?
ऊब माझ्याजवळ आहे, बाळा.
अपडेट माझ्याजवळ नाही."

मी सात वर्षंवाला आत आणला.
पाच मिनिटं हातात धरला,
तेव्हा कुठे त्यानं डोळा उघडला.
तिनं लगेच सूट मागितली :
विकत घेण्याआधीच एकदा मेलेला माल.
तोरुनबाईंनी दहा टक्के दिली,
कागदावर कारण लिहिलं "प्रदर्शनातला नमुना".

पट्टा जोडला. ठिपका शोधत शोधत आला,
नदीच्या उत्तरेला, चार दिवसांत बरीच सरकलेली मादी.
"तिकडे कशाला गेलीस गं," ती फोनला म्हणाली,
माझ्याशी बोलली नव्हती अशा आवाजात.

जुना फोन परत घेऊन सूट वाढवू का, मी विचारलं.
"राहू दे. त्याचा गजर मोठा आहे."

दोन्ही फोन कोटात, एकेका बाजूला एक.
ती गेल्यावर मी बाक पुसायला गेलो
आणि नाही पुसला.
तीन चौकोन होते बर्फात,
एक थोडा खोल.
कोणता कुठे ठेवला होता,
आता आठवेना.